जॉब गार होऊ दे

कोल्हापुरात डोळ्यांचा दवाखाना चालवायचा, तर जिल्ह्यातली कामं डोळ्यांवरून ओळखायला शिकावं लागतं. उसाच्या पट्ट्यातला माणूस बुबुळावर पानाचा फटका घेऊन येतो. उन्हातान्हात राबणाऱ्याच्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांस वाढलेलं असतं. शिरोलीच्या फाउंड्रीतला कामगार ‘कण गेलाय’ म्हणत एका डोळ्यावर हात धरून बसलेला असतो. हुपरीचा चांदीकाम करणारा कारागीर लांबच्या नजरेबद्दल अवाक्षर काढत नाही. त्याला हातातलं काम स्वच्छ दिसलं की पुरे. वय झालं की मोतीबिंदू या सगळ्यांनाच होतो. तो काढून आत लेन्स बसवली की दिसायला लागतं, हे आता घराघरांत ठाऊक आहे. पण दिसायला लागणं आणि नीट दिसणं यांत थोडं अंतर उरतं. माझ्या कामाची बरीच वर्षं त्या अंतरात गेली.

हे अंतर पुष्कळदा पारपटलाच्या बाकामुळे पडतं. पारपटल म्हणजे कॉर्निया, डोळ्याचा सगळ्यात पुढचा पारदर्शक भाग. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद साधारण 60 डायॉप्टर धरली, तर त्यातले 43-44 एकट्या पारपटलाचे. ते सगळीकडून सारखं गोल असेल तर प्रकाश एका बिंदूत येतो. एका दिशेनं जास्त बाकदार आणि तिच्या काटकोनात कमी बाकदार असेल, तर बिंदूऐवजी रेषा उमटते. उभ्या रेघा ठळक आणि आडव्या पुसट दिसतात, किंवा उलट. यालाच अॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. पेशंटच्या बोलण्यात तो ‘सिलिंडरचा नंबर’ असतो. केरॅटोमीटर हे यंत्र दोन्ही दिशांचा बाक मोजतं. एका दिशेची त्रिज्या 7.5 मिलिमीटर आली तर ताकद 45 डायॉप्टर. दुसऱ्या दिशेला 7.7 आली तर 43.8. म्हणजे त्रिज्येत दोन दशांश मिलिमीटरचा फरक पडला, की सव्वा डायॉप्टरच्या आसपास दोष तयार होतो.

आता दोष नक्की कुठं आहे, हाही प्रश्न असतो. थॉमस यंगनं 1801 साली लंडनमध्ये स्वतःच्या डोळ्यातल्या या दोषाचं वर्णन केलं, तेव्हा त्यानं डोळा पाण्यात बुडवून पाहिला होता. पाण्यात पारपटलाची ताकद जवळजवळ नाहीशी होते. तरी दोष उरला, म्हणजे तो आतल्या भिंगाचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन करणाऱ्याला हा जुना प्रयोग रोज उपयोगी पडतो. आपण ते भिंगच काढून टाकणार असतो, त्यामुळे त्याच्यातला दोष त्याच्याबरोबर जातो आणि पारपटलाचा मागं राहतो. म्हणून पेशंटनं जुना चष्मा पुढं करून ‘यात सिलिंडर नाही, मॅडम’ असं सांगितलं, तरी त्यावर विसंबता येत नाही. पारपटल वेगळं मोजावंच लागतं.

मी शिकत होते तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, ही मोजणी ऑपरेशनच्या टेबलावर करायचं कारण वेगळंच होतं. तेव्हा मोतीबिंदू मोठी चीर घेऊन अख्खा बाहेर काढत आणि चीर टाक्यांनी शिवत. टाक्याचा नायलॉन दहा-शून्य नंबरचा, केसापेक्षाही बारीक. तो जरा जास्त आवळला गेला, की त्या दिशेनं पारपटल वाकायचं आणि बाक वाढायचा. सैल राहिला तर चीर उघडी पडायची भीती. नवशिक्याचा हात भीतीनं आवळतो. त्यामुळे पट्टी काढल्यावर तीन-चार डायॉप्टरचा सिलिंडर दिसणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट नव्हती. काही आठवड्यांनी केरॅटोमीटरवर बसवून नेमका आवळलेला टाका शोधायचा आणि तो कापायचा, हा तेव्हाचा रिवाज.

आमच्या सरांना तो रिवाज आवडत नसे. टेबलावर दिसू शकणारी गोष्ट पेशंटला दीड महिना सोसायला का लावायची, असं त्यांचं म्हणणं. मायक्रोस्कोपला बसवायचं केरॅटोमीटर परदेशी मासिकांतून दिसायचं, पण आमच्याकडं नव्हतं. सरांकडं होती निर्जंतुक केलेली सेफ्टी पिन. शेवटचा टाका बांधून झाला की ते पिनचं गोल टोक पारपटलाच्या वर धरायचे. मायक्रोस्कोपच्या उजेडात ओल्या पारपटलावर त्याचं प्रतिबिंब पडायचं. प्रतिबिंब गोल असेल तर ठीक. अंडाकृती असेल तर त्याची आखूड बाजू ज्या दिशेला, त्या दिशेनं पारपटल जास्त वाकलेलं. म्हणजे तिथला टाका घट्ट. तो सोडायचा, पुन्हा बांधायचा, पुन्हा पिन धरायची.

या युक्तीचं तत्त्व नवं नव्हतं. पोर्तुगालच्या प्लासिडोनं काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची तबकडी डोळ्यासमोर धरून 1880 च्या सुमारास हेच केलं होतं. पारपटलाच्या आकाराचा नकाशा काढणारी आजची टोपोग्राफीची यंत्रंही बरीचशी त्याच वर्तुळांवर चालतात. पिनची मर्यादा मात्र सर पहिल्याच दिवशी सांगत: दीड-दोन डायॉप्टरच्या खालचा फरक नुसत्या नजरेला सहसा कळत नाही. ढोबळ चूक टाळायला पिन. बारीक काम तिचं नव्हे.

पण त्या पिननं मला वेगळीच गोष्ट शिकवली. एकाच डोळ्यावर, एकही टाका न हलवता, दोन मिनिटांच्या अंतरानं वर्तुळाचा आकार बदललेला दिसे. आधी अंडाकृती, मग गोल, मग पुन्हा कलतं. सुरुवातीला वाटायचं, आपली नजर बसलेली नाही. हळूहळू कारणं दिसू लागली. पापण्या उघड्या ठेवणारं स्पेक्युलम डोळ्याच्या गोळ्यावर रेललेलं असे. डोळा खाली ओढून धरण्यासाठी स्नायूखालून घेतलेला दोरा ताणलेला राहिलेला असे. आतलं पाणी गळून डोळा मऊ पडलेला असे. मऊ डोळ्याचं पारपटल कुठल्याही दाबानं आकार बदलतं. पृष्ठभाग सुकला की वर्तुळाची कडा फाटते. पाण्याचं तळं साचलं तर वर्तुळ पाण्याचं दिसतं, पारपटलाचं नाही. पेशंटनं नजर थोडी बाजूला वळवली तरी आकार फसवतो. थोडक्यात, टेबलावर आपण जो डोळा मोजतो, तो आपल्याच हाताखाली असतो. त्याला आपणच धरलेलं, ओढलेलं, कापलेलं, भिजवलेलं असतं.

हे मला दिसत होतं, पण एका वाक्यात सांगता येत नव्हतं. ते सांगितलं शिवाजी उद्यमनगरात आयुष्य लेथवर काढलेल्या एका मिस्त्रींनी. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, आणि उजव्या डोळ्याच्या पारपटलात बाकाचा बराच फरक. केरॅटोमीटरवरचे दोन आकडे मी कागदावर लिहिले तेव्हा त्यांनी कागद उचलून जवळ धरला.

“ह्ये दोन आकडे एकाच डोळ्याचे?”

“हो. एक या दिशेचा, एक त्याच्या काटकोनातला.”

“म्हंजे ओव्हल झालाय म्हणा की.”

इंजिनाचा सिलिंडर झिजला की आतलं भोक गोल राहत नाही, आणि ते ओळखायला बोअर गेज एकदा उभा, एकदा आडवा लावावा लागतो, हे त्यांनी मला हातवारे करून समजावलं. दोन मापांतला फरक म्हणजे ओव्हॅलिटी. त्रिज्येत किती फरक आहे ते मी सांगितल्यावर ते हसले. “दोनशे मायक्रॉन? आमच्यात एवढ्यावर जॉब रिजेक्ट हुतोय, मॅडम.” जॉब म्हणजे यंत्रावर घडवायचा तुकडा.

मग मी त्यांना सांगितलं, की तुमच्या डोळ्यात टोरिक लेन्स, म्हणजे सिलिंडरचा नंबर भरून काढणारी लेन्स, बसवायची आहे, तिच्या बाकाची दिशा तुमच्या पारपटलाच्या दिशेशी जुळवावी लागते, आणि ते टेबलावर पुन्हा एकदा तपासून घेईन. त्यांना ते पटलं नाही. “टेबलावर तुम्ही तर त्यात काम करत असणार. चालू कामात माप घेतलं तर खोटं येतंय. जॉब कापताना तापतोय, फुगतोय. गरम जॉबला मायक्रोमीटर लावून उपेग न्हाई. आधी गार होऊ दे, मग माप.” पुढं त्यांनी असंही विचारलं, की डोळा गार व्हायला किती वेळ लागतो. या प्रश्नाचं खरं उत्तर ‘काही आठवडे’ असं आहे. पण टेबलावर तेवढा वेळ नसतो. तिथं निदान आपण दिलेला ताप तरी काढून घ्यावा लागतो.

तेव्हापासून आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, हा क्रम ठरून गेला आहे. मोजण्याआधी स्पेक्युलम सैल करून त्याचा भार डोळ्यावर पडत नाही ना ते पाहायचं. ओढून धरणारा दोरा असेल तर मोकळा सोडायचा. आतली चिकट जेल धुऊन काढायची, पुढच्या कप्प्यात सलाइन भरून डोळा नेहमीइतका टणक करायचा. दगडासारखा नको आणि फुग्यातली हवा गेल्यासारखाही नको. चिरेच्या कडा बंद होण्यासाठी आपण पाणी भरून फुगवतो, ती सूज तात्पुरती असते. म्हणून त्याआधी माप घेतलं तर बरं. पारपटलावर एक थेंब, जादा पाणी स्पंजनं टिपून. मग पेशंटला मायक्रोस्कोपच्या दिव्याकडं बघायला सांगायचं. आता मायक्रोस्कोपच्या खालच्या भिंगाभोवती बारीक दिव्यांचं वलय लावलेलं आहे. पिनची जागा त्यानं घेतली. ओटीतली सिस्टर तेव्हा बोलणं थांबवते, कारण आवाज झाला की पेशंटची नजर हलते. पारपटलावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. ते मी एकदा पाहते, एक थेंब घालून परत पाहते. दोन्ही वेळा सारखं दिसलं तरच त्यावर विश्वास ठेवायचा.

टोरिक लेन्सच्या बाबतीत टेबलाच्या आधीचंही एक काम असतं, आणि ते शाईच्या पेननं करायचं असतं. माणूस बसलेला असताना डोळा ज्या स्थितीत असतो, त्यापेक्षा आडवा झाल्यावर तो थोडा फिरतो. बहुतेकांत दोन-चार अंश, काहींत दहाच्याही पुढं. लेन्सचा अक्ष एका अंशानं चुकला तर तिचा साधारण 3.3 टक्के परिणाम वाया जातो. दहा अंशांनी चुकला तर एक तृतीयांश. तीस अंशांनी चुकला तर लेन्स बसवून सिलिंडर तेवढाच राहतो, फक्त दिशा बदलते. म्हणून पेशंटला ताठ बसवून, हनुवटी सरळ ठेवून, समोर लांब बघायला लावून पारपटलाच्या कडेवर खुणा करायच्या. पारपटलाच्या कडेवर एक अंश म्हणजे जेमतेम एक दशांश मिलिमीटर. पेनाचं टोक अर्धा मिलिमीटर जाड असेल तर खूणच पाच अंश रुंद! डोळा ओला असेल तर शाई पसरते आणि खूण आणखी रुंद होते. त्यामुळे खुणेआधी ती जागा कोरडी करणं, टोक नुसतं टेकवणं आणि शाई बसेपर्यंत पापणी धरून ठेवणं, या तीन गोष्टींवर पुढचं सगळं अवलंबून असतं. मिस्त्रींच्या डोळ्यावर खुणा करताना त्यांनी विचारलं, “सेंटर पंच मारताय जणू?” मी हो म्हटलं. एवढी अचूक उपमा मला सुचली नसती.

मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत आता याहून पुढची यंत्रं आहेत. जुनं भिंग काढलं आणि नवी लेन्स अजून घातलेली नाही, त्या मधल्या क्षणी डोळ्यात प्रकाश वळवणारं पारपटलाशिवाय जवळजवळ काहीच नसतं. तेव्हा आतून परत येणाऱ्या प्रकाशलहरी वाचून यंत्र दोषाची मात्रा आणि दिशा पडद्यावर दाखवतं. केरॅटोमीटर पारपटलाची फक्त पुढची बाजू मोजतं. हे यंत्र पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंचा एकत्रित परिणाम टिपतं. हा मोठा फायदा आहे, कारण मागच्या बाजूलाही सरासरी पाव ते तीन दशांश डायॉप्टरचा फरक असतो. असं यंत्र वापरणाऱ्या एका सहकाऱ्याच्या ओटीत मी उभी होते, तेव्हा यंत्रापेक्षा त्यांची तयारी बघत राहिले. डोळ्यातला दाब मोजून योग्य पातळीवर आणला. स्पेक्युलम सैल केलं. आतले हवेचे बुडबुडे काढले. पृष्ठभाग ओला केला, जादा पाणी टिपलं. सरांच्या सेफ्टी पिनच्या अटी याच होत्या. यंत्राची किंमत कितीही असो, तापलेला जॉब ते गार करून देत नाही.

ही गोष्ट सगळ्यात जास्त जाणवते ती पारपटल बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये, आणि आमच्या भागात त्याचा संबंध थेट उसाशी आहे. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. पाला काढताना, तोडणीच्या वेळी ती डोळ्याला लागते. जखम लहान असते. माणूस त्यावर घरगुती काहीतरी घालतो, नाहीतर दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणतो. पानावरची बुरशी मात्र जखमेत शिरलेली असते, आणि स्टिरॉइडनं तिला रान मोकळं मिळतं. व्रण होतो, तो भरला तरी मागं पांढरा डाग राहतो. लोक म्हणतात, डोळ्यात फूल पडलं. ते बरोबर मध्यावर असेल तर नेत्रदानातून मिळालेलं पारपटल बसवावं लागतं. गोल कापलेली चकती गोल खाचेत बसवायची आणि चौफेर टाक्यांनी शिवायची. बहुतेक वेळा सोळा टाके. इथं प्रत्येक टाका आकार बदलतो. एक आवळला की समोरचा सैल वाटतो. दिव्यांचं वलय पाहत एकेक टाका जुळवायला लागतो. इतकं करूनही तीन-चार डायॉप्टरचा दोष उरणं नवलाचं नाही, कारण जखम भरताना ऊती आपल्या मर्जीनं आक्रसतात. टेबलावरचं वर्तुळ गोल दिसलं म्हणून वर्षानंतरचं पारपटल गोल असेल, असं कुणी छातीठोक सांगू नये. टेबलावरची मोजणी सुरुवात चांगली करून देते, एवढंच तिचं काम.

म्हणून आम्ही एक वही ठेवली आहे. ऑपरेशनआधीचं माप, टेबलावरची नोंद, पहिल्या आठवड्याचं आणि सहाव्या आठवड्याचं माप, एका ओळीत. शेवटच्या रकान्यात पेशंट काम करायला लागला का, हे त्याच्याच शब्दांत. मिस्त्रींच्या ओळीत तिथं लिहिलंय: ‘व्हर्नियरच्या रेघा फुटत न्हाईत.’ हुपरीच्या एका कारागिराच्या पुढं आहे: ‘डाग दिसतोय, लावता येतोय.’ कारागीर ज्याला डाग म्हणतो, तो चांदीचा सांधा असतो. वहीतल्या आकड्यांइतकाच या शब्दांना मी मान देते. पाऊण डायॉप्टरचा सिलिंडर एकाला जाणवतही नाही, आणि दुसऱ्याच्या हातातलं काम अडवतो.

या वहीतून एक हिशोब पुढं आला, आणि त्याला टोरिक लेन्स लागत नाही. ही लेन्स महाग असते. मोफत शिबिरात येणाऱ्या पेशंटला ती मिळत नाही. शिबिरात मोतीबिंदू बहुधा साधारण सहा मिलिमीटरच्या, टाके न लागणाऱ्या चिरेतून काढतात. या पद्धतीला कमी लेखण्याचं कारण नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी 400 डोळ्यांवर तिची फेकोशी, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून लहान चिरेतून काढण्याच्या पद्धतीशी, तुलना केली होती. 2005 साली ती प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनंतर सरासरी अॅस्टिग्मॅटिझम फेकोत 1.1 डायॉप्टर आणि या पद्धतीत 1.2 होता. फरक नगण्य. पण चीर कुठं घ्यायची, यानं बराच फरक पडतो. चीर ज्या दिशेला घ्याल त्या दिशेचा बाक कमी होतो. उतारवयात पुष्कळांचं पारपटल आडव्या दिशेनं जास्त बाकदार झालेलं असतं. अशा डोळ्यात वरच्या बाजूनं चीर घेतली, की उभा बाक आणखी कमी होतो आणि दोष वाढतो. कानशिलाच्या बाजूनं घेतली तर आडवा बाक उतरतो आणि दोष कमी होतो. मुंबईचे डॉ. निखिल गोखले यांनी सहकाऱ्याबरोबर 2005 मध्येच हे मोजून दाखवलं: वरच्या चिरेनं सरासरी 1.28 डायॉप्टर दोष निर्माण झाला, कानशिलाच्या बाजूच्या चिरेनं 0.37, आणि दोन्हींच्या मधल्या जागी घेतलेल्या चिरेनं 0.20.

हे सगळ्यांना माहीत असूनही चीर वरूनच घेतली जाते, कारण सर्जन पेशंटच्या डोक्याशी बसतो. कानशिलाच्या बाजूला बसायचं तर उजव्या डोळ्याला उजवीकडं, डाव्या डोळ्याला डावीकडं जावं लागतं. मायक्रोस्कोप फिरवायचा, पायाखालचे पेडल सरकवायचे, सिस्टरची ट्रॉली दुसऱ्या अंगाला घ्यायची, टेबलाखाली गुडघ्यांना जागा करायची. शिबिरात रांग लागलेली असताना ही हलवाहलव नकोशी वाटते. आमच्या ओटीच्या फरशीवर म्हणून चिकटपट्टीच्या खुणा आहेत: डोक्याशी, उजवीकडं, डावीकडं, तिरक्या जागी. केसपेपरवर माप लिहिताना त्याच्याशेजारी बसायची जागाही लिहितो. पेशंट टेबलावर येईपर्यंत सगळं आपापल्या खुणेवर गेलेलं असतं. मिनिटभराचं काम.

मोजलेल्या आकड्यानं आपली एकही हालचाल बदलणार नसेल, तर तो आकडा कागद भरण्यापुरता असतो, मग तो पिननं घेतलेला असो की कोट्यवधीच्या यंत्रानं. नव्यानं दवाखाना टाकणारी मुलं-मुली माझ्याकडं येतात आणि टेबलावर अॅस्टिग्मॅटिझम मोजायला कुठलं यंत्र घ्यावं, असं विचारतात. यंत्रांबद्दल मी जे जाणते ते सांगते. पण आधी विचारते, तुमच्या स्टुलाला चाकं आहेत का?